उपाशी कोपरा

४ ऑगस्ट, सोमवार

घरात माझं ऐकून घ्याले कोणाले वेळ नाई, म्हणून वहीत लिहून राह्यली. हे म्हणतात, "पुष्पे, तू बोलाले लागली की पंखा चालू असल्यासारखं वाटते, मस्त झोप लागते." लागू दे.

आज बचत गटाची बैठक माझ्या ओसरीत झाली. मी सचिव आहे, बारावी पास आहे, म्हणून सगळं माझ्याच डोक्यावर. विषय एकच होता, कलाबाई. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते. नवरा नाई, दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करते. आन गोधडी शिवाले बसली तं साखरखेर्ड्यापासून लोणारलोग तिच्यासारखा हात नाई. तिच्या छातीत गाठ निघाली आहे. संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगतलं, कॅन्सरचीच आहे, पण वेळेवर दिसली, लवकर काढली तं बाई चांगली होईल, दिवाळीच्या पुढं लोंबकळू नका. ऑपरेशन सरकारी योजनेतून होते. पण तिथं राहणं, जाणं-येणं, सोबतीच्या बाईचं खाणं, बाहेरून आणाच्या गोळ्या, हे कोणत्या योजनेत बसते? लेक मयुरी सुलतानपूरले दिली आहे, तिचंच तिले पुरत नाई.

तं मी म्हटलं, गोधड्या शिवू आन विकू. चिखलीले मले शिकवाले होते त्या रमाकांत सरांची पोरगी हिमानी पुण्याले असते. तिनं फोनवर सांगतलं, हातच्या गोधडीले तिकडे लय मागणी आहे, दसऱ्याच्या पाठोपाठ प्रदर्शन आहे, बारा गोधड्या द्या. पुढंही असंच करत राहू, गावात कोणी आजारी पडलं तं कोणापुढं हात पसराचं काम नाई.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यायले आत्याबाई म्हणतो, खांबाले टेकून बसल्या होत्या. गटात नाईत, पण बैठकीत असतातच. म्हणाल्या, "गोधडी इकत नसतात वं. गोधडी देत असतात. लेकीले, बाळंतिणीले. इकाले ते का वांगे आहेत?"

"आत्याबाई, जीव मोठा का रीत मोठी?" मी म्हटलं.

मंग बायकायनं माना हलवल्या. कलाबाई सगळ्यात जास्त हसली. "माह्यासाठी एवढा कुटाणा काऊन करता वं बायायनो," म्हणे, आन हसतच घरी गेली. खुश झाली बिचारी. मलेही बरं वाटलं.

११ ऑगस्ट, सोमवार

नमुन्याच्या दोन गोधड्या आज चिखलीहून पुण्याले पाठवल्या. एक गटातल्या संजीवनीची, एक आत्याबाईची. हो, विकू नका म्हणणाऱ्या आत्याबाईनंच पहिली शिवली. तोंड वाकडं करून शिवली, पण शिवली.

निघताना थोडा घोळ झाला. शेवटचा कोपरा वीतभर उघडा ठेवाचा, त्यात भाकरीचा तुकडा टाकाचा, जिच्यासाठी शिवली तिचं नाव घ्याचं आन मंग टाके घालाचे, हे सगळ्या जगाले माहीत आहे. गोधडी उपाशी राह्यली तं पांघरणाऱ्याची झोप मोडते, रातच्या मंधातच भूक लागते. पण आत्याबाई म्हणाल्या, पहिल्याच आहेत, एवढ्या दूर चालल्या, कोरडी भाकर बरी दिसत नाई. म्हणून पुरणपोळी टाकली, वरून तुपाचं बोट. नाव कोणाचं घ्याचं ते कोणाले सुचेना. संजीवनी म्हणे, "पुणे म्हणा." म्हटलं पुणे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

हिमानीचा फोन. आवाज असा की घरात कोणी गेलं.

"पुष्पाताई, गोधडीतून मुंग्यांची रांग निघाली. माझ्या मैत्रिणीच्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर. कोपरा उसवला तर आत काहीतरी बुरशी आलेलं. काय आहे ते?"

"पुरणपोळी," मी म्हटलं.

तिनं तो शब्द मले परत म्हणाले लावला. मंग म्हणे, "का?"

आता याले काय उत्तर देता! "उपाशी पाठवू का मंग?" मी म्हटलं. ती पोरगी चांगली आहे, चिडली नाई, समजावून सांगू लागली. यापुढे आत खायची कोणतीही वस्तू नको, नाई तं प्रदर्शनवाले एक गोधडी घेणार नाईत. मले तिचंही पटलं. आपली रीतही खोटी वाटत नाई. पण मुंग्या तं खऱ्याच होत्या. दिवसभर डोकं नुसतं भणभण करून राह्यलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

पोळा झाला, बायका मोकळ्या झाल्या. गोधड्या पाहून घेतल्या. काय काम केलं आहे बाप्पा! एकीनं लाल पातळाचे त्रिकोण लावले, एकीनं नवऱ्याच्या धोतराचं अस्तर केलं ते कापसासारखं मऊ. पण सगळ्यायचा एक कोपरा उघडा. भाकर टाकाची नसन तं कोपरा बंद करणार नाई म्हणतात. उपाशी गोधडी विकणं म्हणजे पाप.

मी भाषण दिलं. पुण्याच्या लोकायले फ्रिज आहे, त्यायले भूक लागली तं उठून खातील, असंही सांगतलं. कोणी हललं नाई.

कलाबाई उलटी म्हणे, "रीत ते रीत, पुष्पा. राहू दे. नको इकू." आन हे म्हणताना तिचं तोंड इतकं फुललेलं की मी पाहतच राह्यली. जिच्यासाठी मी मरमर मरून राह्यली तिलेच घाई नाई. माणसाचं चांगलं कराले जाणं म्हणजे इचवाचा मंत्र येत नसताना बिळात हात घालणं.

३ सप्टेंबर, बुधवार

सुटलं! आत्याबाईनंच सोडवलं, आन तेही मले शिव्या देता देता.

काल महालक्ष्म्या उठल्या. आज सकाळी आत्याबाई भांडे आवरता आवरता म्हणाल्या, "सोळा भाज्यायचा निवद केला. महालक्ष्म्यायनं त्यातली किती खाल्ली?"

"म्हणजे?"

"अवं म्हणजे काय? देवाले दाखवतो आन उचलतो. तं गोधडीले दाखवता येत नाई का? भाकर कोपऱ्यात ठेवा, नाव घ्या, काढा, गाईले चारा. पोट भरलं."

मी त्यायच्या पायाच पडली. घरोघर जाऊन सांगतलं. सगळ्यायले पटलं, दोघी-तिघीयनं तं टाळ्या वाजवल्या. कलाबाईले सांगतलं तं ती चुलीकडे तोंड करून बसली होती, धूर लय झाला होता, डोळे पुसत होती. ओलं सरपण आणते, किती वेळा सांगतलं. या आठ-पंधरा दिवसांत गोधड्या पुण्यात असतील.

९ सप्टेंबर, मंगळवार

मले येड लागाचं बाकी आहे.

एकही कोपरा बंद झाला नाई. संजीवनी म्हणते बोट सुजलं. तिची जाऊ म्हणते दोरा संपला. बाकीच्या म्हणतात पितृपक्ष लागला. भाकर दाखवाले पितर आडवे येतात का? संजीवनीचं बोट मी पाह्यलं, चांगलं गवारीच्या शेंगेसारखं सडसडीत आहे.

मी बारीक लक्ष ठेवलं. कलाबाई रोज दुपारी घरोघर जाते, मिश्री लावत बसते. ती ज्या घरातून निघाली त्या घरच्या बाईचं काम बंद! आता माझ्या लक्षात आलं. या बायकायले वाटत असन कॅन्सर लागते. तिच्यासंगं बसाचं, तिच्या नावाची गोधडी हातात घ्याची, याचंच भेव. काय हा अडाणीपणा! आशाताईले बोलावते आन सगळ्यायले समजावून सांगाले लावते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आशाताई आली, चित्रं दाखवली, कॅन्सर शिवल्यानं, जेवल्यानं, बसल्यानं लागत नाई हे तीन-तीनदा सांगतलं. बायका तिच्या तोंडाकडे पाहत बसल्या. संपल्यावर संजीवनी म्हणे, "आमाले माहीत आहे वो ताई. मी तं रोज कलाबाईच्या ताटात जेवते."

मंग काय भानगड आहे?

एक डाव मनात आलं, यायले पैशात वाटा पायजे असन. लिहितानाच लाज वाटली. संजीवनीनं स्वतःच्या लग्नातलं पातळ फाडलं गोधडीसाठी. पण मंग काय? हे म्हणाले, "तू थोडी गप्प बसून पाह्य, समजन." यायचं आपलं एकच.

दिवे लागले तवा कलाबाई ठेचा घेऊन आली. माझ्या आवडीचा, लसूण जास्त घातलेला. बसली, इकडचं-तिकडचं बोलली. मंग हळूच म्हणे, "पुष्पा, परदर्शन हुकलं तं आपरेशन पुढं जाईन ना वं?"

"हुकू देते का मी!" मी म्हटलं. "तू कायजी करू नको. जीव गेला तरी गोधड्या पोचवते."

तिचं तोंड उतरलं. माझ्या कष्टाचं वाईट वाटलं असन. ठेच्याची वाटी पुढं सरकवली आन उठून गेली.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज डोक्यानं काम करणं बंद केलं आन मी शिलाई मशीन उघडली. संजीवनी वावरात गेली होती. तिची गोधडी उचलून आणली, भाकर दाखवली, कोपरा मशीनखाली धरला. आत्याबाईनं येऊन अशी चापट मारली हातावर की सुईच मोडली.

"दुसरीच्या हातची गोधडी तिसरीनं बंद कराची नसते!"

"मंग पहिली करत नाई तं काय करू मी?" मी वरडली. रडाले आलं. "कोणी सांगन का मले काय चाललं आहे?"

आत्याबाई खाली बसल्या. मोडलेली सुई उचलून बाजूले ठेवली. म्हणाल्या, "तुले बारावी कोणी पास केली वं? अवं, कलीनं घरोघर जाऊन पाया पडून सांगतलं. कोपरा शिवू नका. कोपरे शिवले की गोधड्या जातात. गोधड्या गेल्या की तिले जा लागते."

मले आधी समजलंच नाई. त्यायनं दुसऱ्यांदा सांगतलं.

"मीही तिले हो म्हटलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "मंग महालक्ष्म्यायपुढं बसली आन जीव राह्यला नाई. म्हणून ते निवदाची गोठ काढली. पण बायायच्या तोंडून तिले नाही म्हणवत नाई."

"साऱ्या गावाले माहीत, मले काऊन नाई सांगतलं?"

"तू ऐकते कवा?"

संजीवनीची गोधडी घडी करून परत नेऊन ठेवली. तिले कळलंही नाई.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कलाबाईकडे गेली ती भांडाच्याच तयारीनं. माझी फसवणूक केली म्हणून राग होता, खोटं कशाले लिहू? पण ती ज्वारी निवडत बसली होती, मले पाहून तिनं सूप बाजूले ठेवलं आन म्हणे, "आत्यानं सांगतलं वाटते."

मी म्हटलं, "तुले मराचं आहे का?"

"मले मराचं नाई म्हणून तं जात नाई."

मंग तिनं सांगतलं. तिची थोरली बहीण होती. पोटाच्या आपरेशनले नेली होती, लय वर्षं झाले. जायच्या आदल्या दिवशी तिनं सगळं घर आवरलं. भांडे घासून पालथे घातले, लुगड्यायच्या घड्या केल्या, चूल सारवली, अर्धी राह्यलेली गोधडी बसून पुरी केली. म्हणे, आता माह्यामागं काही बाकी नाई. आन ती आलीच नाई.

"ज्या बाईचं काम सरते तिले देव नेते, पुष्पा. तुमी बारा गोधड्या माह्या नावानं पुऱ्या करता. बारा! माह्यामागं राहते काय मंग?"

डॉक्टर म्हणतात लवकर करा. ही म्हणते काम संपलं की मरण. हे खुळ आहे हे मले कळते. पण बहीण तिची मेली आहे, माझी नाई. तिच्यापुढं बसून माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाई. मी ज्वारी निवडू लागली. तीही निवडू लागली. असंच बसलो. निघताना ती म्हणे, "आज तुह्या अंगात बरं नाई का?"

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. पाच दिवस मी कोणाशी धड बोलली नाई, हे घाबरून दोनदा विचारून गेले. आज ट्रंक उघडली, माझे जुने पातळं काढले, दोन सुती आन एक माझ्या डोहाळेजेवणाचं हिरवं. ते घेऊन कलाबाईकडे गेली.

"मले गोधडी शिवून दे."

"आता? मले संभाजीनगरले धाडाच्या तोंडावर?"

"आताच सुरू कर. जाईलोग जेवढी होईन तेवढी कर. राह्यलेली येऊन कर. तिचा कोपरा तुह्याशिवाय कोणी शिवणार नाई. मी शिवू देणार नाई."

ती पातळाकडे पाहत राह्यली. मंग माझ्याकडे. मंग म्हणे, "येडी आहेस तू," आन पदर तोंडाले लावून अशी रडली की शेजारची म्हातारी धावत आली. मीही रडली. म्हातारीले वाटलं कोणी गेलं, तिनंही सूर लावला. तिले समजावता समजावता आम्हीच हसलो.

हे बरोबर केलं का चूक, मले माहीत नाई. उद्या तिले काही झालं तं ही गोधडी घेऊन मी काय करू? पण दुपारी ती हिरवं पातळ अंथरून बसली, थर लावले, चिमटीत सुई धरली. हात तोच.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सगळे कोपरे बंद झाले. संजीवनीचं बोट बरं झालं, जावेले दोरा सापडला.

कलाबाई स्वतः घरोघर जाऊन म्हणाली म्हणे, "शिवा वं बायायनो आता." आमच्या ओसरीतच सगळ्या बसल्या. भाकर दाखवाची वेळ आली तं नावाचा प्रश्न परत आलाच. मी हिमानीले फोन करून गिऱ्हाइकायचे नावं विचारणार होती. पण संजीवनीनं भाकर ठेवली आन म्हटलं, "कलाबाई." तिच्यामागं दुसरीनं म्हटलं, कलाबाई. मंग तिसरीनं. कलाबाई खांबाआड उभी होती, तिले कुठं पाहावं ते समजेना.

म्हणजे गोधडी पांघरणार पुण्याचे लोक आन सुखाची झोप लागणार कलाबाईले. हा हिशोब काही जुळत नाई. मी बोलली मात्र नाई.

गाईनं आज लय भाकर खाल्ली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सगळ्या गोधड्या पहिल्या दोन दिवसांत गेल्या. हिमानी फोनवर ओरडत होती. मयुरी कालच सुलतानपूरहून आली, आज सकाळच्या जीपनं मायलेकी संभाजीनगरले गेल्या.

निघाच्या आधी कलाबाई भांडे घासाले बसली. मी तिच्या हातातून कढई ओढली. "ठेव तशीच."

"अवं, बेसन वाळून जाईन."

"वाळू दे."

तिले समजलं. घासलेला एक तांब्याही तिनं परत राखेत बुडवला. दोरीवरचं लुगडं तसंच ठेवलं. चूल अर्धी सारवली. माझी गोधडी तीन बाजूनं भरली आहे, त्यात सुई टोचून तिनं माझ्या हाती दिली. मयुरी बिचारी तोंड वासून पाहत होती. "आई असं घर टाकून कवाच गेली नाई," म्हणे.

जीप गेल्यावर मी तिथंच उभी राह्यली. मले लय भेव वाटलं. मी हे सगळं खेळल्यासारखं करून राह्यली का?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज ऑपरेशन. सकाळपासून फोन हातात. दुपार झाली, फोन नाई. हे कलाबाईच्या अंगणातून आले आन म्हणाले, त्या कढईले वास सुटला, मांजरं लोळून राह्यले, धुवून टाकू का? मी अशी अंगावर गेली यायच्या की हे दोन पावलं मागं सरकले.

आत्याबाई गोधडी मांडीवर घेऊन उघड्या कोपऱ्यावरून हात फिरवत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, होईन ना नीट?"

"मले काय माहीत?" त्या म्हणाल्या. "पण हे उपाशी आहे. उपाशी लेकरू सोडून माय कोठी जाते?"

म्हणताना त्यायनं तो कोपरा मुठीत घट्ट धरला, म्हणून मले जास्तच रडाले आलं.

दिवस मावळाच्या वक्ती मयुरीचा फोन आला. झालं. नीट झालं. आई जागी आहे, तुमाले काही विचाराचं म्हणते. मंग कलाबाईचा आवाज, कोरडा, खोल गेलेला.

"पुष्पा, भांडे कोणी घासले तं नाई?"

"नाई वं. बुरशी आली आहे."

"येऊ दे," म्हणे. "मी येते."

२५ ऑक्टोबर, शनिवार

कलाबाई आली. अर्धी झाली आहे, डाव्या हातानं काही उचलत नाई. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या कढईकडे गेली. मयुरीनं अडवलं, मी अडवलं, नाई ऐकलं. एका हातानं घासू लागली, मी पाणी घातलं. डाग काही निघाला नाई, कढई गेल्यातच जमा. आत्याबाईनं आमच्या घरची दिली.

मंग मी गोधडी आणली, वर ताजी भाकर. म्हटलं, घे, कर पुरी.

तिनं सगळीकडून पाह्यली, एक टाका वाकडा होता तो उसवून नीट घातला. कोपऱ्याशी आली आन सुई परत टोचून ठेवली.

"किमोचे सलाईन बाकी आहेत वं. डाक्टर म्हणे सहा महिने ये-जा आहे. तोरीन राहू दे उघडा."

आधीची मी असती तं अर्धा तास भाषण दिलं असतं. मी गोधडी उचलली आन घरी आणली. थंडी पडाले लागली, तं तीच पांघरते. हे म्हणतात, सुई टोचन एखाद्या दिवशी. आत्याबाई म्हणतात ते खरं आहे. रोज मंधातच जाग येते आन कडाडून भूक लागते.

लागू दे.